तळ्याकाठची भरपगारी रजा

नॉर्थ कॅरोलिना
२० जून १९८३

सौ. सुभद्राताईस वसंतचा नमस्कार.

हे पत्र खोलीवरून नाही, तळ्याकाठून लिहितो आहे. कंपनीने आम्हा सोळा जणांना आठवडाभराची भरपगारी रजा दिली आणि राहण्या-खाण्यासकट इथे डोंगरात आणून ठेवलं. चारी बाजूंना डोंगर, मध्ये तळं. पाणी असं थंड की पाय घातला तर घोट्यापर्यंत बधिर होतो. राहायला लाकडी घरं. माझ्या वाट्याला एक अख्खी खोली आली आहे. तुमच्या दोन्ही खोल्या आणि समोरची गॅलरी तिच्यात आरामात मावेल.

इथे एक खेळ आहे, डिस्क गोल्फ म्हणतात. तुला कळेल असं सांगतो. बशीपेक्षा मोठी, ताटापेक्षा लहान अशी प्लास्टिकची थाळी असते. रानात लांब लांब लोखंडी खांब रोवलेले, प्रत्येक खांबाला एक टोपली, आणि टोपलीवर साखळ्यांची झालर. थाळी भिरकवायची, पडेल तिथपर्यंत चालत जायचं, तिथून पुन्हा भिरकवायची, असं करत टोपलीत पाडायची. साखळ्यांवर आपटली की खळ्ळकन आवाज होतो आणि थाळी आत पडते. जो कमी फेकींत पोचतो तो जिंकतो. अशा अठरा टोपल्या. सकाळी सुरू केलं की जेवणाच्या वेळेपर्यंत पुरतं. मग तळ्यावर बसायचं, मग दुपारी परत तेच.

पहिल्या दिवशी माझ्या तीन थाळ्या तळ्यात गेल्या. चौथ्या दिवशी मी अकरा जणांना मागे टाकलं. सुपरवायझर म्हणाला, तुझ्या मनगटात काहीतरी आहे. मी म्हटलं, माझा बाप मुंबईच्या मिलमध्ये तीस वर्षं धोटा फेकत होता. तो हसला.

सोबत फोटो पाठवतो. केशरी थाळीवाला मधला तो मी. चाळीत सगळ्यांना दाखव. म्हणावं, आपला वसंता कुठे पोचला बघा.

तुमचा तो संप मिटला का? इथल्या पेपरात काही येत नाही. लवूभावोजी अजून घरीच का? एखाद्या वेळी त्यांनाही घेऊन कुठेतरी हवापालट करून ये. माणसाने सुट्टी घ्यायला शिकलं पाहिजे, हे मला इथे येऊन कळलं.

तुझा
वसंत


लालबाग
८ जुलै १९८३

चि. वसंतास आशीर्वाद, उरलेत तेवढे.

पत्र पोचलं. मी ह्यांना म्हटलं, "वसंता थाळ्या फेकायला लागला." हे म्हणाले, "कोणावर?" कोणावर नाही, नुसत्याच, असं सांगितल्यावर त्यांनी कूस बदलली.

एकतिसाव्या वर्षी अर्धी चड्डी घालून रानात थाळ्या भिरकवायच्या आणि ज्याने कमी भिरकवल्या तो शहाणा! मग मुळीच न भिरकवणारा सगळ्यात शहाणा म्हणायचा. तसं असेल तर आमची सगळी चाळ तुझ्या पुढे आहे. आणि बाबा धोटा फेकत होते म्हणे. धोटा माग फेकतो रे, बाबा तुटलेला धागा जोडत होते. चार मागांच्या मध्ये आठ तास उभे राहून. तू मागच दुरुस्त करतोस ना तिथे? तुला माहीत नाही असं नाही. गोऱ्या माणसाला हसवायला बापाचं काम बदललंस.

आम्हाला हवापालट सांगतोस. संपाला दीड वर्ष झालं. माझ्या खानावळीत बावीस माणसं जेवायची, तू त्यांच्याच पंगतीत शेवटचा बसून डिप्लोमापर्यंत शिकलास. आता पाच राहिलेत. बाकीचे गावी गेले, पेज पिऊन तिथेच बसलेत, तीच त्यांची हवापालट. हे पाच गेले नाहीत, कारण रोज युनियनच्या कचेरीत जाऊन उभं राहणारं कोणीतरी लागतं. मी त्यांना वाढते ते जे असेल ते, पण पंगतीचा नियम आहे. आत गेलेल्याला माझ्याकडे पान मिळत नाही.

'आत गेलेला' म्हणजे काय ते तुला कळेल असं सांगते. मालकांनी फॉर्म छापलाय. संप करण्यात माझी चूक झाली, असं लिहिलेलं आहे. त्याच्याखाली सही करायची आणि पोलिसांच्या गाडीमागून कामावर जायचं. अशा माणसाला आम्ही 'आत गेला' एवढंच म्हणतो. त्याला दुसरी शिवी लागत नाही.

आमच्या मजल्यावरचा दगडू आत गेला. तिसरी खोली, ओळखतोस. ह्यांच्याच मिलमध्ये, ह्यांच्याच खात्यात, शेजारच्या मागांवर होता. पाच तारखेला आम्ही चौदा बायका त्याच्या दारात गेलो. सुपात हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, वर खण. सूप माझ्या हातात होतं. आतापर्यंत सहा दारांत नेलं आणि सहाही वेळा माझ्याच हातात होतं, कारण बाकीच्यांना ऐन वेळी बोलायला सुचत नाही. मी म्हटलं, "दगडूशेट, भरा बांगड्या आणि जावा खुशाल कामाक. घरात आता बाईमाणूस कोण ता तरी कळूक होया." खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात उभं राहून हसत होते. दगडू बाहेर आलाच नाही. त्याची बायको शेवंती आली. सूप घेऊन आत गेली, रिकामं करून परत आणून दिलं. तोंडातून एक शब्द नाही. बोलणार काय? असला नवरा पदरात पडल्यावर तोंड कुठून आणायचं?

तेवढा वेळ हे आपले खाटेवर पडून होते. बायकांचा गोंगाट त्यांना आवडत नाही.

एक विचारते. कंपनीला एवढा उमाळा कसला आला? बाबांच्या मिलने तीस वर्षांत त्यांना रजेच्या दिवशीसुद्धा बारा भानगडी करायला लावल्या. तळंबिळं कधी दाखवलं नाही. मालक तिथला असो नाहीतर इथला, फुकट कोणाला हवा खायला घालत नाही. तू असं काय मोठं केलंस?

तुझी
ताई


२५ जुलै १९८३

ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. चौदा बायका सूप घेऊन एका गरीब माणसाच्या दारात जातात आणि त्याला तुम्ही लढा म्हणता. मी इथे साहेबलोकांना चाळीतलं काही सांगत नाही. हे असलं ऐकून ते काय म्हणतील?

कंपनीने रजा दिली कारण आमचं काम चांगलं झालं. इथे कामाची कदर होते. तुमच्याकडे कदर घोषणांची. वरच्या माणसाने हात वर केला की अडीच लाखांनी करायचा, आणि मग दीड वर्ष तो खाली कसा घ्यायचा ते कोणालाच माहीत नाही. ताई, तुम्ही हरलात. हे कळायला आणखी किती दिवस पाहिजेत? इथे सगळ्या जुन्या मिल मोडीत काढताहेत. तुमच्याही निघतील. त्या जागेवर काय होईल ते होईल, पण माग वाजणार नाहीत. मालकाला तुम्ही नकोच आहात, आणि तुम्ही त्यालाच हट्ट करून दाखवताय.

लवूभावोजींना माझा सल्ला सांग. सही करा आणि आत जा. एका कागदावर चूक झाली असं लिहिल्याने कोणी मरत नाही. दगडू शहाणा निघाला. त्याच्या बायकोला नावं ठेवण्यापेक्षा तिच्याकडून चार गोष्टी शिक. ती गप्प बसली, हे तुला जमलं असतं का?

खेळाला तू हसलीस. हस. चाळीच्या गॅलरीतून दिसतं तेवढंच जग, असं ज्याला वाटतं त्याला ते सगळं पोरकटच वाटणार. माझ्या ओळखीचे दादरचे एक गृहस्थ परत जात आहेत. त्यांच्याबरोबर एक थाळी पाठवतो आहे. निदान हातात धरून बघ काय असतं ते. पडून राहिली तर राहू दे.

वसंत


लालबाग
१४ ऑगस्ट १९८३

वसंतास,

तुझे दादरचे गृहस्थ येऊन गेले. दारातच उभे राहिले. नाकाला रुमाल लावून विचारत होते, "इथे सुभद्राबाई कोण?" सुकटीच्या वासाने त्यांचा जीव गेला असता तर मला पाप लागलं असतं, म्हणून मी थाळी घेतली आणि त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. थाळी सोलकढीच्या पातेल्यावर बरोबर बसते. कड वळलेली आहे त्यामुळे सरकत नाही. पाचही जणांनी वाखाणली. एक म्हणाला, "वयनी, अमेरिकेत झाकणां बरी करतत." मी म्हटलं, करतात, पण त्यांना ती पातेल्यावर ठेवायची सुचत नाहीत.

तुझा सल्ला ह्यांना सांगायची गरज पडली नाही. ह्यांना काम मिळालं. कॉटन ग्रीनच्या गोदामात, कापसाच्या गासड्या मोजून थप्पी लावायचं. जुलैच्या मध्यापासून जातात. सकाळी सहाला डबा घेऊन बाहेर, चारला घरी. अंगमेहनत आहे, पण ताठ मानेची. माफी मागायला नको आणि पोलिसांच्या गाडीमागून जायला नको. लवू असा नवरा आहे, हे तुला मुद्दाम लिहिते. दगडूकडून शिकायची आम्हाला वेळ आली नाही.

आता तुझ्या फोटोचं. चाळीत दाखव म्हणालास, दाखवला. तिन्ही मजले फिरला. "वसंता जाडो झालो," "चड्डी आखूड हा," सगळं झालं. शेवटी मी तो वरच्या हरेश्वर मास्तरांकडे नेला, कारण तुमच्या मागे त्या लाकडी घरावर कापडाचा फलक लावलाय आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. मला वाटलं तुझं नाव असेल. खेळात पहिला आला असशील. म्हटलं, वाचून घ्यावं, आईच्या फोटोशेजारी लावायचा तर काय लिहिलंय ते सांगता यायला हवं.

मास्तरांनी भिंगातून दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं. 'संपाच्या एकोणीस आठवड्यांत कामावर हजर राहिलेल्या सोळा निष्ठावंतांचे कंपनीकडून आभार.'

सोळा. तूच लिहिलं होतंस ना, आम्हा सोळा जणांना?

तर हे तुझं मोठं काम. बाकीचे बाहेर उन्हापावसात उभे, आणि तू आतून त्यांचे माग चालू ठेवत होतास. त्याबद्दल मालकाने तुला तळं दाखवलं आणि हातात थाळी दिली. मोठ्या माणसाला खेळणं दिलं आणि तू ते घेतलंस. वर त्याच फलकासमोर दात काढून फोटो काढलास आणि तो गिरणगावात पाठवलास! एवढा निर्धास्त कशाने झालास? लालबागमध्ये कोणाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून? हा तुझा हिशेब मला त्या एकोणीस आठवड्यांपेक्षा जास्त लागला.

मास्तरांना मी देवाची शपथ घातली आहे. फोटो पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. चाळीत कळलं तर मी सूप उचलायचं कोणत्या तोंडाने? तुला बांगड्या पाठवल्या असत्या, पण वाटेत फुटतील. पोचल्या असं समज.

खरं काय ते स्वतःच्या हाताने लिही. नाहीतर लिहूच नकोस.

सुभद्रा


२ सप्टेंबर १९८३

ताई,

खरं लिहितो. कापडाकडे लक्ष नव्हतं असं लिहिणार होतो, पण होतं. कोण वाचणार, असंच वाटलं होतं.

जानेवारीत इथे संप झाला. दोनशे माणसं गेटबाहेर, आम्ही सोळा आत. माझे राहण्याचे कागद कंपनीच्या हातात आहेत. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा. परत येऊन काय केलं असतं? तुझ्या पंगतीत सहावा बसलो असतो. बाहेरच्यांपैकी एक जण दोन वर्षं माझ्याबरोबर एकाच पाळीत होता. त्याची बायको दर रविवारी माझ्यासाठी मक्याचा पाव द्यायची. एकोणीस आठवडे ती रोज गेटवर असायची आणि माझी गाडी आली की काचेवर थुंकायची. मी काच आतून पुसायचो. थुंकी बाहेरून असायची, तरी.

संप मोडला. मग गावात आम्हाला कोणी दुकानातसुद्धा नीट उत्तर देईना, म्हणून कंपनीने उचलून आठवडाभर त्या तळ्यावर ठेवलं. ती रजा अशी होती. सोळा जण एकमेकांकडे न बघता दिवसभर झाडांत थाळ्या फेकत होतो. मला तो खेळ आवडत नाही. पण थाळीच्या मागे चालत गेलं की कोणाशी बोलावं लागत नाही, आणि तळ्यात गेली तर शोधायच्या निमित्ताने तासभर जातो. ज्याने हे शोधलं त्याला आमच्यासारखीच माणसं ठाऊक असली पाहिजेत.

तर मी नीच. ठीक आहे. पण तू तुझ्या ताठ मानेचं सुनावलंस ते मला सहन झालं नाही. न्याय करायचा तर घरापासून कर. सोबत जोडलेलं पत्र मला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. अक्षर ओळखशीलच.

वसंत

*

(सोबतचं पत्र)

१८ जुलै

वसंता, आशीर्वाद.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितो, कारण एक गोष्ट कोणालातरी सांगायची आहे आणि तुझ्याएवढा लांबचा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

चौदा तारखेपासून मी आत जातो. तुझ्या बहिणीला कॉटन ग्रीन सांगितलंय. ज्या दिवशी ती सूप घेऊन दगडूच्या दारात गेली, त्या दिवशी माझा फॉर्म सही करून सदऱ्याच्या खिशात होता. मी खाटेवर पडून तिचा आवाज ऐकत होतो. चांगलं बोलते ती.

का गेलो म्हणशील तर पोटासाठी म्हणता येईल, पण पोट तिने कसंही भरलं असतं. माग बंद पडल्यावर दीड वर्ष मला झोप नाही. कान रिकामे वाटतात. मी बायको चालवते त्या खानावळीत बसून जेवतो आणि भिंतीकडे बघतो. आत गेल्यावर पहिल्या दिवशी माग सुरू झाले तेव्हा मला रडू आलं, आणि दगडूने बघून न बघितल्यासारखं केलं.

तू शिकलेला. तिला सांगायचं कसं, ते सुचलं तर मला मिलच्या पत्त्यावर कळव. तिला काही लिहू नकोस. तिची ताठ मान गेली तर तिच्याकडे दुसरं काही नाही.

लवू


लालबाग
२४ सप्टेंबर १९८३

वसंता,

गणपती झाले. पत्र त्याआधीच आलं होतं, पण उत्तर द्यायला हात उचलत नव्हता.

आधी तुझं. 'तिला काही लिहू नकोस' असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते वाचून तू ते पत्र माझ्याच पत्त्यावर पाठवलंस. जन्मात एकदा त्यांनी कोणावर विश्वास टाकला, तो तू एका भांडणात जिंकण्यासाठी वापरलास. एकोणीस आठवड्यांचं मी एक वेळ समजून घेईन. तुझे कागद त्यांच्या हातात होते. या पत्रासाठी तुला कोणी धमकी दिली नव्हती.

आणि त्यातून मला नवीन काहीही कळलं नाही. मी हे तिसऱ्या दिवशीच ओळखलं होतं.

तुम्ही दोघांनी मला काय समजलं होतं? मिलवाल्याची मुलगी, मिलवाल्याची बायको, बावीस मिलवाल्यांना पंधरा वर्षं वाढलं. गोदामातला कापूस कच्चा असतो. त्यात सरकीचं साल असतं, काडी असते, धूळ असते. मागाच्या खात्यातला कापूस पांढरा, बारीक, आणि त्याला सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास येतो. हे घरी आले ते केसांत खळीचा वास घेऊन.  दुसऱ्या दिवसापासून चारच्या सुमाराला फणी घेऊन मागच्या जिन्यात जाऊन उभी राहायला लागले. ते यायचे, माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसायचे. मी केस विंचरून, भुवया पुसून, सदरा झाडून द्यायची, आणि मग ते वर यायचे. दोन महिने. दोघांपैकी कोणी एकदाही तोंड उघडलं नाही. कॉटन ग्रीनचं मी तुला लिहिलं, ते खोटं आहे हे ठाऊक असताना लिहिलं. कागदावर कसं दिसतं ते बघायचं होतं. बरं दिसलं.

ऑगस्ट संपताना बायका बोलवायला आल्या. बाजूच्या चाळीतला रामू आत गेला होता. सूप तयार होतं, माझीच वाट बघत होत्या. मला सांगता आलं असतं की डोकं दुखतंय. मी गेले. सूप उचललं, त्याच्या दारात तेच बोलले जे दगडूच्या दारात बोलले होते, आणि लोक तसेच हसले. रामूची म्हातारी आई दारात येऊन हात जोडून उभी राहिली. मी तिच्या हातात सूप दिलं.  स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. तुला नीच म्हणायचा अधिकार मला त्याच दिवशी उरला नाही, पण सवयीने मनातल्या मनात म्हणत राहिले.

परत येताना शेवंती गॅलरीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दगडू ह्यांच्या शेजारच्या मागावर. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत. हे आत गेले तेव्हा माझ्या सुपाला दहा दिवसही झाले नव्हते. तिने नळावर एक शब्द टाकला असता तरी दुसऱ्या दिवशी चौदा बायका माझ्या दारात उभ्या राहिल्या असत्या. आणि ती गप्प होती.

मला वाटलं, चांगुलपणा. इतकं वाईट वाटलं की गणपती होईपर्यंत तिच्या दाराकडे बघवेना. शेवटी एका दुपारी वाटीभर आमटी घेऊन गेले. निमित्त म्हणून. पूर्वी अशी देवघेव होती आमची. म्हटलं, "शेवंते, तुका म्हायत होता, तरी तू बोललस नाय. तुझे उपकार झाले गो."

तिने वाटीला हात लावला नाही. म्हणाली, "उपकार कसले? तुमी बांगड्या घेऊन इलात तेव्हा सगळी चाळ माका बघीत होती. आता मी एकटीच तुमका बघतंय. रोज चार वाजता, मागच्या जिन्यात. मागे रामूच्या दारात पण बघलंय. मी चाळीक सांगलंय तर तुमी दोन दिवस रडशात नि मोकळ्या होशात. माका तुमका मोकळा करूचा नाय."

मी वाटी घेऊन परत आले. वसंता, दोन महिने माझी बायकांत जी ताठ मान होती ती शेवंतीने मला वापरायला दिली होती. मी तीच मान वर करून तिच्याच दारावरून जात होते.

रात्रभर जागून वगैरे काही विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी चारला मी जिन्यात गेले नाही. हे थोडा वेळ खाली थांबले असावेत. मग वर आले, तसेच, केस पांढरे, पुढच्या जिन्याने. त्या वेळी ते पाच जण जेवायला बसलेले. हल्ली उशिराच एकदा जेवतात, म्हणजे दोन्ही वेळेचं होतं. मी ह्यांना म्हटलं, पाय धुवा आणि बसा. आणि पंगतीला सांगितलं, "हे आत जातात. चौदा जुलैपासून. माका म्हायत होता. सूप मीच फिरवी होतंय. नियम तुमका म्हायत हा. आता तुमी ठरवा कोणी उठूचा."

पाचही जण उठले.  एकाने ताटाला नमस्कार केला, अर्धी भाकर तशीच होती. बाहेर चुळा भरल्याचा आवाज आला, मग चपलांचा. ते आता येणार नाहीत, आणि त्यांनी येऊ नये. पंधरा वर्षांची खानावळ पाण्याच्या एका तांब्यात संपली. चाळभर झालं असेल. आमच्या दारात सूप घेऊन कोण येईल ते ठाऊक नाही. आलं तर मी घेईन.

पाच अर्धवट ताटांच्या मध्ये हे एकटे बसले होते. मला वाटलं, तेही उठतील. मला त्या क्षणी त्यांची चीड आली, तुझी आली, माझी तर होतीच. त्यांनी मान खाली घालून सगळं जेवण संपवलं, आणि पुन्हा भात मागितला. मी वाढला.

सुभद्रा